ज्याच्या नावानं जग बिअर पितं, तो मेंढरं राखणारा गुलाम होता!

दिनविशेष : १७ मार्च

१७ मार्च आला की मोबाइलवर हिरवे फोटो फिरायला लागतात. हिरव्या टोप्या, हिरव्या रंगानं रंगवलेले चेहरे, अमेरिकेतल्या शिकागो शहरात हिरवीगार केलेली नदी आणि जो तो हातात फेसाळ बिअरचा ग्लास घेऊन उभा. हा सेंट पॅट्रिक्स डे. आयर्लंड देशाचा सगळ्यात मोठा सण. डब्लिन असो की न्यूयॉर्क, बिअरच्या शौकिनांचे बेत कितीतरी दिवस आधी ठरतात. कुठल्या पबात बसायचं, मिरवणूक कुठून बघायची, दुसऱ्या दिवशी रजा टाकायची का, सगळं आधीच पक्कं.

पण ज्याच्या नावानं हे सगळं चालतं तो पॅट्रिक कोण होता, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं? मंडळी, १७ मार्च हा त्याचा वाढदिवस नाही. परंपरेनं ही त्याची पुण्यतिथी मानली जाते. आणि त्याची गोष्ट सुरू होते ती पळवून नेलेल्या एका पोरापासून.

सोळाव्या वर्षी उचलून नेलं

सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आज ज्याला आपण इंग्लंड-वेल्स म्हणतो त्या ब्रिटन बेटावर तेव्हा रोमन साम्राज्याचा अंमल होता, पण तो खिळखिळा होत चालला होता. अशा काळात एका खात्यापित्या घरात पॅट्रिकचा जन्म झाला. वडिलांचं नाव कॅल्पुर्नियस. ते गावच्या कारभारी मंडळात होते आणि चर्चमध्येही त्यांना मान होता. आजोबा तर धर्मगुरूच. घरची जमीनजुमला होता, कामाला दासदासी होत्या. पोराला कशाची ददात नव्हती. देवाधर्माकडे त्याचं फारसं लक्षही नव्हतं. मोठं झाल्यावर त्यानं स्वतःच हे लिहून ठेवलं आहे.

तो सोळा वर्षांचा होत आला असताना समुद्रापलीकडून आयर्लंडचे लुटारू नावा घेऊन आले. आयर्लंडवर रोमचं राज्य कधीच नव्हतं. तिथल्या टोळ्या ब्रिटनच्या किनाऱ्यावर धाडी घालायच्या आणि माणसं पकडून न्यायच्या. त्या वेळी हजारो लोक पकडले गेले. त्यात हा पोरगाही होता. ज्याच्या घरी दासदासी राबत होत्या, तो एका दिवसात स्वतःच गुलाम झाला.

त्या काळच्या आयर्लंडमध्ये माणसाची किंमत गुराढोरांत मोजली जायची. दासी हे तर व्यवहारातलं एक माप होतं. जमिनीची किंमत किंवा दंड ठरवताना इतक्या दासींचा, असा हिशेब व्हायचा. अशा बाजारात पॅट्रिक विकला गेला.

सहा वर्षं मेंढरांमागे

मालकानं त्याला मेंढरं राखायला पाठवलं. परंपरा सांगते की ही जागा म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेतला स्लेमिश डोंगर. मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, की रानात दिवस जातो पण रात्र जात नाही. त्यात तिथली थंडी, बर्फ आणि सतत झोडपणारा पाऊस. बोलायला माणूस नाही, भाषा परकी आणि अंगावर गुलामाचे कपडे.

या एकांतात पोरगा बदलला. घरी असताना ज्या देवाकडे त्यानं पाठ फिरवली होती, त्याचीच तो आळवणी करू लागला. दिवसाला शंभर प्रार्थना आणि रात्रीही जवळपास तेवढ्याच. पहाटे उजाडायच्या आत उठून, बर्फ असो की पाऊस, तो डोंगरावर प्रार्थनेला बसायचा. सहा वर्षं अशी गेली. बावीस वर्षांचा झाला तरी सुटकेची आशा नव्हती.

मग एका रात्री स्वप्नात त्याला आवाज आला, की तुझं जहाज तयार आहे. ते जहाज त्या ठिकाणाहून जवळ नव्हतं. तरी तो उठला आणि मालकाला सोडून पळाला. दोनशे रोमन मैल, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटर चालून तो एका बंदराला पोचला. वाटेत कुणी ओळखलं असतं तर पळालेल्या गुलामाचं काय झालं असतं, हे सांगायला नको.

जहाज खरंच होतं. पण मुख्य खलाशानं त्याला आधी हाकलून लावलं. तो निराश होऊन माघारी वळला, तेवढ्यात त्याच लोकांनी हाक मारून परत बोलावलं. तीन दिवसांचा समुद्रप्रवास झाला, पुढे अठ्ठावीस दिवस ओसाड मुलखातून पायपीट. खायला अन्न नाही. खलाशी त्याला टोमणे मारू लागले, की तुझा देव एवढा मोठा आहे तर काढ काहीतरी मार्ग. त्यानं प्रार्थना केली आणि थोड्याच वेळात वाटेत डुकरांचा कळप आडवा आला. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. हा चमत्कार की योगायोग, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पॅट्रिकनं मात्र तो आयुष्यभर लक्षात ठेवला.

घरी आला, पण राहिला नाही

काही वर्षांनी तो आईवडिलांकडे पोचला. मेलेला पोरगा परत आल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडून सांगितलं, एवढं भोगलंस, आता आम्हाला सोडून कुठं जाऊ नकोस.

गोष्ट इथंच संपली असती तर आज कुणाला पॅट्रिक आठवला नसता. पण त्याला पुन्हा स्वप्न पडलं. एक माणूस आयर्लंडहून पत्रांचा गठ्ठा घेऊन आला होता. त्यातलं एक पत्र तो वाचू लागला आणि त्याला तिथल्या लोकांचा आवाज ऐकू आला. तू ये आणि पुन्हा आमच्यात फिर, अशी ते विनवणी करत होते.

आता विचार करा. ज्यांनी घरातून उचलून नेलं, विकलं, सहा वर्षं फुकट राबवलं, त्याच लोकांकडे आपल्या पायांनी परत जायचं? सूड घ्यायला नाही, तर त्यांच्यात राहायला? पॅट्रिकनं तेच केलं. धर्माचं शिक्षण घेऊन तो बिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू झाला आणि आयर्लंडला परतला. परंपरा यासाठी इसवी सन ४३२ हे साल सांगते. त्याच्या आधी, ४३१ मध्ये, रोमच्या पोपनी पॅलेडियस नावाच्या बिशपला तिथं पाठवल्याची नोंद आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसं तिथं आधीही होती. पण दूरदूरच्या मुलखात, जिथं कुणी धर्मगुरू गेला नव्हता तिथं, पॅट्रिक फिरला.

हे फिरणं सोपं नव्हतं. तिथं गावोगाव छोटे राजे होते. प्रत्येकाच्या हद्दीतून जायचं तर काही ना काही द्यावं लागायचं. तो राजांना भेटी द्यायचा, त्यांच्या मुलांना सोबत चालण्याचा मोबदला द्यायचा. न्यायनिवाडा करणाऱ्यांना त्यानं पंधरा माणसांच्या किमतीएवढं धन वाटलं, असा हिशेब त्यानं स्वतः दिला आहे. एवढं करूनही एकदा त्याला साथीदारांसकट पकडलं, सगळं लुटलं आणि बेड्या घातल्या. चौदाव्या दिवशी सुटका झाली.

स्वतः मात्र कुणाकडून काही घ्यायचा नाही. बायका श्रद्धेनं अंगावरचे दागिने काढून वेदीवर ठेवायच्या, तो ते परत करायचा. त्या नाराज व्हायच्या, तरी तो ऐकायचा नाही. उद्या कुणी बोट दाखवायला नको, हा त्याचा हिशेब होता.

तरीही बोट दाखवलंच. आणि तेही त्याच्या जिवलग मित्रानं. तरुणपणी पॅट्रिकनं त्याला विश्वासात घेऊन आपली एक जुनी चूक सांगितली होती, पंधरा वर्षांचा असताना हातून घडलेली. तीस वर्षांनी त्या मित्रानं ती चारचौघांत उघडी केली आणि ब्रिटनमधल्या वरिष्ठांनी तिचं भांडवल केलं. या सगळ्याला उत्तर म्हणून म्हातारपणी पॅट्रिकनं आपली जीवनकहाणी लिहिली. ती आजही उपलब्ध आहे. आपण कमी शिकलेले, गावंढळ आहोत, ज्या वयात शिकायचं त्या वयात मेंढरं राखत होतो, हे त्यानं त्यात न लाजता कबूल केलं आहे. वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टी त्याच कहाणीतल्या आहेत.

राजाला लिहिलेलं पत्र

पॅट्रिकच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रसंग मात्र दुसऱ्या एका पत्रात आहे.

कोरोटिकस नावाचा एक सरदार होता. नावाला ख्रिस्ती. त्याच्या सैनिकांनी आयर्लंडवर धाड घातली. आदल्याच दिवशी पॅट्रिकच्या हातून काही लोकांचा बाप्तिस्मा, म्हणजे धर्मप्रवेश झाला होता. अंगावर पांढरी वस्त्रं, कपाळावर लावलेलं पवित्र तेल अजून सुकलं नव्हतं. तशा लोकांवर तलवारी चालल्या. बरेच मारले गेले. तरण्या पोरी आणि बाकीचे पकडून गुलाम म्हणून विकले.

पॅट्रिकनं एका धर्मगुरूला पत्र देऊन पाठवलं. या धर्मगुरूला त्यानं लहानपणापासून शिकवलं होतं. पकडलेल्या लोकांना आणि लुटीतलं काही परत द्या, एवढीच मागणी होती. सैनिक त्यांना हसले.

मग पॅट्रिकनं दुसरं पत्र लिहिलं. या वेळी विनंती नव्हती. मारेकरी आणि माणसं विकणारे आपल्यातले नाहीत, त्यांच्या पंगतीला बसू नका, त्यांच्याकडून दान घेऊ नका, जोवर ते पकडलेल्यांना सोडत नाहीत तोवर त्यांच्याशी संबंध ठेवू नका, असं त्यानं सगळ्या ख्रिस्ती लोकांना कळवलं. हे पत्र लपवू नका, लोकांसमोर आणि खुद्द कोरोटिकससमोर वाचा, असंही बजावलं.

हे धाडस समजून घ्यायला त्या काळाकडे बघावं लागेल. गुलामगिरी तेव्हा रोमपासून आयर्लंडपर्यंत रोजचा व्यवहार होती. फार थोड्यांनी तिच्याविरुद्ध आवाज काढला. पॅट्रिकला मात्र विकलं जाणं काय असतं ते ठाऊक होतं. आपल्या जीवनकहाणीतही त्यानं आवर्जून लिहिलं, की सगळ्यात जास्त भोगावं लागतं ते गुलाम बायकांना. धमक्या, छळ, रोजची भीती. त्या काळात दासीच्या दुःखाची अशी नोंद करणारा माणूस विरळा.

ते लोक सुटले की नाही, याची नोंद नाही. पत्र मात्र राहिलं.

साप, तीन पानं आणि बिअर

पॅट्रिक गेल्यावर त्याच्याभोवती गोष्टी जमत गेल्या. त्यानं आयर्लंडमधले सगळे साप समुद्रात हाकलले, ही त्यातली सगळ्यात गाजलेली. खरं तर हिमयुगानंतर त्या बेटावर साप पोचलेच नव्हते. दुसरी गोष्ट शॅमरॉकची. जनावरांना आपण जो बरसीम घास घालतो, त्याच कुळातलं हे तीन पानांचं छोटं रोप. देवाची तीन रूपं पण देव एकच, हे त्यानं या पानावरून समजावलं असं म्हणतात. ही गोष्ट लेखी सापडते ती थेट अठराव्या शतकात. पण पान लोकांच्या छातीवर बसलं ते बसलंच.

आणि बिअर? गंमत म्हणजे जुन्या आयरिश परंपरेत पॅट्रिकच्या गोतावळ्याची एक यादी आहे. त्यात त्याचा आचारी आहे, गुराखी आहे आणि बिअर गाळणाराही आहे. त्याचं नाव मेस्कन. बिअर म्हणजे जवापासून, सातूपासून केलेलं पेय. त्या काळी ती जेवणाचाच भाग होती. तेव्हा सेंट पॅट्रिक बिअरचा वैरी होता, असं कुणी म्हणू नये.

सण पिण्याकडे वळला त्यामागे उपवासही आहे. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. १७ मार्च बहुतेक वेळा त्याच दिवसांत येतो. आपल्याकडे श्रावणाच्या आधी गटारी होते, तिकडं उपवासाच्या मध्येच एका दिवसाची सूट मिळू लागली. मग त्या दिवशी खाणंपिणं जोरात. १६८१ मध्ये आयर्लंडमध्ये फिरलेल्या थॉमस डिनली नावाच्या इंग्रज प्रवाशानं नोंद केली आहे, की लोक या दिवशी क्रूस आणि शॅमरॉक लावतात आणि रात्री शुद्धीत असलेला माणूस क्वचितच सापडतो. शेवटच्या ग्लासात छातीवरचं शॅमरॉक बुडवून पिण्याचीही रीत पडली.

पुढे १७५९ मध्ये आर्थर गिनेस यांनी डब्लिनमध्ये बिअरची भट्टी भाड्यानं घेतली. करार ९००० वर्षांचा, भाडं वर्षाला ४५ पौंड! तिथं तयार होणारी काळी बिअर आज जगभर या सणाची ओळख झाली आहे.

पण खुद्द आयर्लंडमध्ये हा दिवस कित्येक वर्षं ड्राय डे होता, हे ऐकून नवल वाटेल. १९०३ मध्ये १७ मार्चला सार्वजनिक सुटी मिळाली. १९२७ च्या कायद्यानं त्या दिवशी पब बंद ठेवायचे ठरले. संताचा दिवस दारूत बुडू नये हा हेतू. ही बंदी १९६० च्या कायद्यानं उठली. तोवर डब्लिनच्या बिअरशौकिनांनी एक वाट शोधून काढली होती. त्या दिवशी रॉयल डब्लिन सोसायटीचं कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं आणि तिथं दारू विकायला परवानगी होती. मग काय, आयुष्यात कुत्रं न पाळलेली माणसंही मोठ्या आवडीनं प्रदर्शनाला हजर!

सणाला आजचं रूप मिळालं ते मात्र अमेरिकेत. न्यूयॉर्कमधली मिरवणूक १७६२ पासूनची. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. परमुलखात हिणवल्या गेलेल्या या गरीब माणसांना १७ मार्च हा मान वर करून रस्त्यावर चालण्याचा दिवस वाटला. पॅट्रिकही परमुलखातच राबला होता. त्यामुळे तो त्यांना आपला वाटला असणार. १९६२ पासून शिकागोची नदी हिरवी होऊ लागली. पुढे मिरवणुकीतला अभिमान थोडा मागं पडला आणि ग्लास पुढं आला.

आपल्याकडचा धागा

हे सगळं लांबचं वाटेल, पण धागा आपल्यापर्यंत पोचतो. पुण्यात सेंट पॅट्रिक कॅथेड्रल आहे. इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन आलेल्या आयरिश शिपायांसाठी एकोणिसाव्या शतकात ते उभं राहिलं. दुष्काळानं आणि गरिबीनं ज्यांना घर सोडायला लावलं, त्यांच्यातलेच काही पुण्यात येऊन आपल्या संताचं नाव ठेवून गेले.

दुसरा धागा कोकणातला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातलं वराड हे लिओ वराडकर यांच्या वडिलांचं मूळ गाव. वडील डॉक्टर म्हणून परदेशी गेले, पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाले आणि २०१७ मध्ये लिओ त्या देशाचे पंतप्रधान झाले. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते वराडला येऊनही गेले. सेंट पॅट्रिक्स डेच्या निमित्तानं आयर्लंडच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना व्हाइट हाउसमध्ये शॅमरॉकनं भरलेलं भांडं द्यायची प्रथा आहे. म्हणजे वराडच्या घराण्यातल्या माणसाच्या हातून ती तीन पानं अध्यक्षांपर्यंत गेली. २०२४ मध्येही १७ मार्चला ते भांडं त्यांनीच दिलं.

दिवस कुणाचा?

आजही आयर्लंडमध्ये पॅट्रिकला वेगळ्या रीतीनं आठवणारे लोक आहेत. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो भाविक क्रोघ पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंचीचा डोंगर चढतात. वाट दगडगोट्यांची, तरी कित्येक जण अनवाणी. या डोंगरावर पॅट्रिकनं चाळीस दिवस उपवास केला अशी श्रद्धा आहे. वारी पाहिलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

संताच्या नावानं लोकांनी एकत्र यावं, गावं, नाचावं, यात वावगं काही नाही. ग्लास उचलायचा की नाही, हाही ज्याचा त्याचा प्रश्न. पण पुण्यतिथी कुणाचीही असो, आवाज एवढा मोठा होऊ नये की त्यात माणूसच बुडून जावा. पॅट्रिकला साप हाकलण्यासाठी आठवायचं कारण नाही. विकला गेलेला एक पोरगा मोठा होऊन त्याच मुलखात परतला, कुणाचा सूड घेतला नाही, आणि पुन्हा माणसं विकली जाताना दिसली तेव्हा गप्प बसला नाही. त्यानं सरदाराचं नाव घेऊन पत्र लिहिलं आणि ते सगळ्यांसमोर वाचायला सांगितलं. १७ मार्चला आठवायची गोष्ट ही आहे.